टायरांना ऊन

शनिवार, ४ ऑक्टोबर. सकाळी ७.४०

पोटच्या मुलीने आज मला लेखी सूचना दिल्या.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढेमागे लागेल.

दार उघडलं तर दारात मोटारसायकलचे दोन सुटे टायर, मध्ये लेक, आणि तिच्या हातात कागद. नऊ मुद्दे, टाइप केलेले. वर लॅमिनेशन. म्हणजे चहा सांडला, अक्षर पुसलं असं म्हणायचीही सोय ठेवलेली नाही.

प्रकरण असं आहे. हे तिचे डोंगरातले टायर, अंगभर रबराचे चौकोनी ठोकळे असलेले. शहरातल्या रस्त्यावर ते उगाच झिजतात म्हणून काढून तिने साधे चढवले आहेत. जानेवारीच्या शेवटी आठ बायका मिळून नऊ दिवस मातीच्या वाटांनी डोंगर पालथे घालणार, तेव्हा हे परत चढणार. टायर चार महिने वाट पाहून मिळाले, पुन्हा मागवायला वेळ नाही, रजा दोन वर्षं साठवली आहे, हे सगळं तिने उंबऱ्यावरच सांगितलं. आणि जाता जाता म्हणाली की तुला जमत नसेल तर आत्ताच सांग, सासूबाईंकडे गॅरेज आहे.

जमत नसेल तर!

एकतीस वर्षं मी हॉस्पिटलची लिनन रूम सांभाळली. चौदाशे चादरी. एकीला कसर लागली नाही. मोठमोठे सर्जन माझ्या कपाटासमोर आवाज खाली करून बोलायचे. आणि दोन रबरी कड्यांसाठी मला विहीणबाईंचं गॅरेज दाखवते.

कागद फाइलला लावला. वाचला नाही. याद्या मी करते, वाचत नाही.

संकल्प: २५ जानेवारीला ती न्यायला येईल तेव्हा टायर असे दिसले पाहिजेत की विहीणबाईंनी आपलं गॅरेज भाड्याने द्यावं.

रविवार, ५ ऑक्टोबर

टायर तपासून ताब्यात घेतले. मागचा रुंद, जाड, खात्यापित्या घरचा. पुढचा उंच आणि सडपातळ. दोघंही चिखलाने माखलेले.

कुठलीही वस्तू धुतल्याशिवाय कपाटाजवळ न्यायची नाही. बाथरूममध्ये कडकडीत पाणी, धुण्याचा सोडा, तारेचा ब्रश. मागच्याला पाऊण तास घासला. पुढच्याची पाळी येईपर्यंत पाणी कोमट झालं आणि माझी कंबर गेली. त्याला नुसत्या साबणपाण्यावर सोडला. ह्यांना आंघोळीला साडेअकरा वाजले. काही बोलले नाहीत, पण टॉवेल खांद्यावर टाकून हॉलमधून दोन चकरा मारल्या. ह्यांचं बोलणं असं असतं.

मग ऊन. गादी असो, उशी असो की माणूस असो, ऊन दाखवल्याशिवाय काही टिकत नाही. कॉन्व्हेंटच्या होस्टेलमध्ये सिस्टर दर शनिवारी आमच्या गाद्या गच्चीत टाकायला लावायच्या आणि संध्याकाळी प्रत्येक गादीत नाक खुपसून बघायच्या. गॅलरीत एकाच टायरपुरती जागा निघाली. मागचा टाकला. थोरल्याचा मान पहिला. पुढचा पॅसेजमध्ये भिंतीला टेकून सावलीत राहिला.

ह्यांनी विचारलं, त्या कागदावर उन्हाबद्दल काही लिहिलंय का. मी म्हटलं, मग कागदालाच विचारा.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

मागच्याला तीन दिवस खणखणीत ऊन. दर दोन तासांनी बाजू बदलली. रंग थोडा राखाडी झाला. ओल गेल्याची खूण.

पण कळा उतरली, ती परत आणली पाहिजे. शिलाई मशीनच्या तेलाची नवी बाटली होती, ती सगळी चोळली. ठोकळ्यांच्या खाचेत साचलेलं तेल निपटायला काहीतरी कडक, पातळ हवं होतं. लॅमिनेट केलेला कागद त्या कामाला फार छान निघाला.

टायरमध्ये आता तोंड दिसतं. बाटली मागच्यावरच संपली. पुढच्याचं पुढच्या खेपेला.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

मांडणी. अडगळीच्या खोलीत फरशीवर मागचा टायर आडवा ठेवला. त्यावर ब्लँकेटांची लोखंडी ट्रंक. वजनाखाली घडी बसते, आकार राहतो. लिनन रूममध्ये उभं राहायची परवानगी फक्त पेशंटच्या नातेवाइकांना होती.

खोलीत पाण्याच्या पंपाची मोटर आहे. ती सुरू झाली की खोली उबदार होते. दमटपणा नको, म्हणून ट्रंक मुद्दाम तिच्या शेजारी.

पुढच्यासाठी दारामागे हूक ठोकायला ह्यांना सांगितलं. हूक, प्लास्टर आणि विटेचा तुकडा असे तिघं मिळून खाली आले. पुढचा पॅसेजमध्येच. तात्पुरता.

मागच्याच्या पोटात अर्धा किलो डांबरगोळ्या. वास जिन्यापर्यंत जातो. शेजारची मांजर आमच्या मजल्यावर यायची बंद झाली, यावरून काय ते कळतं.

सोमवार, २० ऑक्टोबर

लेकीचा फोन. टायर कसे आहेत? मी म्हटलं, सुखात आहेत. उभे आहेत ना? हो. उन्हापासून लांब? हो. मोटर, फ्रीज, तेल, यांच्यापासून लांब? हो. महिन्यातून एकदा थोडे फिरवतेस ना? हो.

मी खोटं बोलले नाही. माझ्या ‘हो’चा अर्थ ‘ऐकलं’ एवढाच असतो. लग्नाला चाळीस वर्षं झाली, ह्यांनाही तोच ‘हो’ मिळतो.

रविवार, २ नोव्हेंबर

ठरवलं की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टायरला ऊन आणि तेल. आज मागचा गॅलरीच्या कठड्यावर अडकवला. दुपारी ऊन चढल्यावर आत मुरलेलं तेल बाहेर यायला लागलं आणि थेंब थेंब खाली गेलं. खाली तळमजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. त्यांचा पांढरा शर्ट दोरीवर होता.

संध्याकाळी त्यांची लेखी तक्रार आली. सात ओळींत शुद्धलेखनाच्या चार चुका. दुरुस्त करून परत पाठवली. शर्टाबद्दल शेवटी एक वाक्य लिहिलं: तेलाचा डाग कसा काढतात हे मला माहीत आहे, पण तुम्ही विचारलेलं नाही.

हे म्हणाले, सेक्रेटरी बरा माणूस आहे. बरा असेल. पण त्याने कॉलर उलटी वाळत घातली होती.

रविवार, १६ नोव्हेंबर

दुपारी ४.२०. बेल. विहीणबाई. न कळवता.

आणि हॉलच्या मध्यभागी दोन्ही टायर. तेलाची नवी बाटली आणली होती, आज पुढच्याचा मुहूर्त होता. गेल्याच आठवड्यात फोनवर मी त्यांना सांगून बसले होते की टायरांना स्वतंत्र खोली आहे आणि तिथे वाऱ्यालाही मज्जाव आहे. बंद दाराबाहेर त्या, आत माझ्या हातात चिंधी.

प्रसंगावधान म्हणजे काय ते आज ह्यांनी पाहिलं. पुढचा टायर कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशवीत कोंबला, तोंड टेपने गच्च बंद केलं आणि मागच्या बेडरूममधल्या कपाटामागे उभा सरकवला. तिकडे ना खिडकी, ना कोणी जात. मागचा हलवायला वेळ नव्हता. त्यावर भरतकामाचा टेबलक्लॉथ टाकला आणि मधोमध ट्रे.

विहीणबाई येऊन बसल्या. चहा झाला. मग कप ट्रेमध्ये ठेवताना त्यांनी टेबल बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "नवीन वाटतं? छान आहे हो. पण जरा मऊ आहे."

मी म्हटलं, फॉरेनची फॅशन आहे.

त्यांनी मान डोलावली. वाईट हेच की बाई कधी भांडत नाहीत. निघताना म्हणाल्या, टायरचा त्रास होत असेल तर माझ्याकडे पाठवा, गॅरेज रिकामंच आहे. मी म्हटलं, त्रास? छे. घरात बाळ असल्यासारखं वाटतं.

गेल्यावर इतका थकवा आला की तेलाचं काम राहिलं. पुढचा उद्या सकाळी पॅसेजमध्ये परत ठेवायचा. ठरलं म्हणजे झालंच.

रविवार, ७ डिसेंबर. सकाळी ८.०५

चोरी.

महिन्याच्या पहिल्या रविवारचं ऊन म्हणून पॅसेजमध्ये गेले, तर पुढचा टायर नाही. जिना पाहिला, गच्ची पाहिली, पंप असलेली अडगळीची खोली पाहिली. मागचा आहे, ट्रंकेखाली. पुढचा गेला.

हे म्हणाले, नीट आठव, तूच कुठे ठेवला असशील. मी म्हटलं, मी वस्तू ठेवते ती जागेवर ठेवते आणि टायरची जागा पॅसेज. चाळीस वर्षं स्वतःचा चष्मा शोधणाऱ्या माणसाने मला आठवायला सांगावं!

संशयित दोन. एक, सेक्रेटरी. कारण, शर्ट. दोन, विहीणबाई. कारण, गॅरेज. शिवाय त्या दिवशी त्यांच्याकडे मोठी पर्स होती. टायर पर्समध्ये मावत नाही असं हे म्हणाले. पर्स ह्यांनी पाहिली नव्हती.

लेकीला कळवायचं नाही. कळलं की ती काय म्हणेल ते तर ऐकावं लागेलच, शिवाय काय म्हणणार नाही तेही ऐकू येईल.

सोमवार, ८ डिसेंबर

सेक्रेटरींना पत्र दिलं. आरोप केला नाही. फक्त विचारलं की ७ तारखेच्या आधी, आपल्या इमारतीतून एक टायर नाहीसा होत असताना, आपण आणि आपला शर्ट कुठे होतात.

ते स्वतः वर आले. हातात टॉर्च. म्हणाले, चला शोधू. तासभर आम्ही गच्ची, मीटरची खोली, टाकीमागची जागा धुंडाळली. पंपाच्या खोलीत त्यांनी ट्रंकेखाली टॉर्च मारला आणि मागचा टायर बघत राहिले. विचारलं, हा असा चपटा का दिसतो? मी म्हटलं, विश्रांती घेतोय. ते म्हणाले, त्यांच्या तरुणपणी त्यांच्याकडेही मोटारसायकल होती, मोटरजवळ रबर ठेवू नये असं म्हणतात, आतल्या ठिणग्यांनी हवा बिघडते आणि त्या हवेने रबराला तडे जातात.

चोराने इतकं अभ्यासू असावं, हे मला संशयास्पद वाटलं. टॉर्च मात्र ठेवून गेले. वहीत नोंद केली.

शनिवार, १३ डिसेंबर

चोर माल विकायला जाणार कुठे? कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे. म्हणून आज मी तिथे गेले. दुकान लहान, पण व्यवस्था आहे. टायर मागच्या काळोख्या खोलीत रांगेत उभे, पुस्तकांसारखे. मालक साठीचा. स्टूल पुसून दिलं.

पुढचा सडपातळ टायर कोणी विकायला आणला का? नाही म्हणाला. मग विषय निघालाच आहे म्हणून मी एका मैत्रिणीची केस त्याच्यापुढे ठेवली. मैत्रीण अनुभवी आहे, शिस्तीची आहे. तिने टायर सोड्याच्या गरम पाण्यात तारेच्या ब्रशने घासला, दर महिन्याला उन्हात ठेवला, मशीनचं तेल चोळलं, आडवा टाकून वर ट्रंक ठेवली, आत डांबरगोळ्या घातल्या आणि सगळं पंपाच्या मोटरशेजारी मांडलं. हे कसं काय?

तो हातातलं काम थांबवून ऐकत होता. मग म्हणाला, "बाई, तुमच्या मैत्रिणीला त्या टायरचा काही राग आहे का?"

मी विचारलं, चुकलं काय? तर म्हणाला, काही राहिलं नाही, चुकायचं ते सगळं झालं. साध्या साबणाने धुवा, पुसून कोरडा करा, काळ्या पिशवीत घालून हवा काढून तोंड बंद करा, अंधारात, गारव्यात, उभा ठेवा आणि अधूनमधून थोडा फिरवा. बस. त्यात तेल, ऊन, वजन, वास, मोटर काही आलं नाही पाहिजे. रबर आपण जपायला गेलो की बिघडतं.

हे शेवटचं वाक्य त्याने माझ्याकडे बघून का म्हटलं, कळलं नाही. मैत्रीण तिथे नव्हती.

घरी येऊन ट्रंक हलवली. कोणी सांगितलं म्हणून नव्हे. ब्लँकेटं काढायची होती.

मंगळवार, १६ डिसेंबर

मागच्याची तब्येत. आकार किंचित अंडाकृती. ठोकळ्यांच्या मुळाशी बारीक रेषा. वयाप्रमाणे येतात. माझ्याही डोळ्यांखाली आहेत, मला कोणी टाकून दिलेलं नाही.

उपचार: पोटात दोन ब्लँकेटं ठासून भरली, म्हणजे गोलाई परत येईल. रेषांवर माझी कोल्ड क्रीम, सकाळ-संध्याकाळ. डांबरगोळ्या काढल्या. टायरचा वास मात्र गेला नाही, आणि ह्यांचं म्हणणं की आता माझाही येतो.

रविवार, ११ जानेवारी

लेकीचा फोन. खूप खुशीत होती. सगळी वाट ठरली. तिसऱ्या दिवशी नदी ओलांडायची, सहाव्या दिवशी एका टेकडीवर तंबू. एकेका वळणाचं वर्णन ऐकवलं. मी म्हटलं, पडशील. म्हणाली, पडेन आणि उठेन, तूच शिकवलंस. मी तिला असं काही शिकवल्याचं मला आठवत नाही. मी तिला घड्या घालायला शिकवल्या.

मग म्हणाली, त्यांच्यातल्या एकीला टायरच मिळेनात. कुठेच नाहीत. ती आता येणार नाही. दोन वर्षांची तयारी फुकट, काल ती फोनवर रडली म्हणे. आणि मग लेक म्हणाली की बरं झालं, माझे तुझ्याकडे आहेत.

फोन ठेवल्यावर मी अडगळीच्या खोलीत जाऊन मागच्यासमोर स्टुलावर बसले. हे जेवायला बोलवायला आले. भाजीत मीठ नव्हतं, आणि ह्यांनी ते सांगितलं नाही. तेव्हा कळलं की ह्यांनाही काळजी वाटते आहे.

रविवार, १८ जानेवारी

निर्णय: पोलिसात रीतसर फिर्याद द्यायची. पुढचा टायर परत आला तर निम्मा प्रश्न सुटेल. मसुदा लिहायला घेतला. भाषा चांगली झाली. ‘सदर टायर’ हा शब्दप्रयोग सहा वेळा.

हे चष्म्यावरून वाचून म्हणाले, शेवटचा कधी पाहिलास ती तारीख हवी. मी म्हटलं, माझ्याकडे रोजनिशी आहे, पुरावा म्हणूनच ठेवते. ते म्हणाले, मग वाच की.

रोजनिशी मी कधी मागे वाचत नाही. लिहिलेलं आपलंच असतं, त्यात नवीन काय असणार. पण कायद्याचं काम, म्हणून उघडली. १६ नोव्हेंबर.

पान मिटलं. उठले. मागच्या बेडरूममध्ये गेले. कपाटामागे हात घातला.

पिशवी जशीच्या तशी. टेप गच्च. आत पुढचा टायर. ना रेष, ना राखाडी छटा, मऊ, काळाभोर, अंगावरची रबराची बारीक लवसुद्धा शाबूत. वास फक्त रबराचा. दोन महिने काळोखात, गारव्यात, उभा. टायरवाल्याने सांगितलेली प्रत्येक गोष्ट, एक अधूनमधून फिरवणं सोडून.

हे दारात उभे होते. हसले नाहीत. एवढी माणुसकी दाखवली म्हणून दुपारी त्यांच्यासाठी पुन्हा चहा केला.

नोंद: माझी सहजप्रवृत्ती नेहमी बरोबर असते. मी विचार करायला लागते तेव्हा घोटाळा होतो, आणि विचार मी इतरांच्या आग्रहामुळे करते.

सेक्रेटरींना दिलेलं पत्र मागे घेतलेलं नाही. ‘तपास स्थगित’ अशी चिठ्ठी पाठवली. सोबत त्यांचा टॉर्च. आणि त्यांचा शर्ट मागवून घेतला. टाल्कम पावडर टाकून ठेवला आहे, मग डिशवॉशचा थेंब आणि कोमट पाणी. डाग जाईल. कापडाच्या बाबतीत मी अजून मीच आहे.

शनिवार, २४ जानेवारी

उद्या ती येणार. मागच्याला शेवटची कोल्ड क्रीम. डबी संपली. ब्लँकेटं काढली तशी गोलाईही गेली.

ठरवलं की पहिल्यांदा पुढचा दाखवायचा. मग चहा. मग पुन्हा पुढचा.

रविवार, २५ जानेवारी

सकाळी दहाला आली. खाली विहीणबाईही होत्या, टायर न्यायला त्यांची गाडी म्हणून. लेकीने पुढचा पाहिला आणि पिशवीतून काढून कडेवर घेतल्यासारखा धरला. इतका छान कसा ठेवलास, म्हणाली. मी म्हटलं, अनुभव. हे खोकले.

मग तिने स्वतःच मागचा पाहिला.

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली, एका ठोकळ्याच्या मुळाशी अंगठा फिरवला, अंगठ्याचा वास घेतला आणि विचारलं, ही तुझी क्रीम आहे? मी ‘हो’ म्हटलं. या वेळी अर्थ ‘हो’च होता.

कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे सगळे गेलो. त्याने मला पाहिलं, मागचा पाहिला आणि म्हणाला, मैत्रिणीचा तो हाच. मग मात्र गंभीर झाला. दोन्ही हातांनी टायर वाकवला. रेषा उघडल्या, आतलं सुकं रबर दिसलं. म्हणाला, हा चढवणार नाही. डोंगरात फुटला तर मी स्वतःला माफ करणार नाही. दुसरा मागवला तर महिने लागतील.

निघायचंय शनिवारी.

लेक दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. हेल्मेट मांडीवर. माझ्याकडे बघत नव्हती. मी तिच्या शेजारी बसायला गेले आणि उभीच राहिले. काय बोलायचं ते माझ्या कुठल्याच फाइलमध्ये नव्हतं. शेवटी म्हटलं, तुझा कागद मी वाचला नाही. तेलाला वापरला. तिने डोळे मिटले.

तेव्हा विहीणबाई मागून चाचरत म्हणाल्या की त्यांच्या गॅरेजच्या कोपऱ्यात गेल्या वर्षीचा एक मागचा टायर असेल बहुधा. ह्याच मापाचा. हिनेच कधीतरी पिशवीत बांधून ठेवलेला, निम्मा झिजलेला. नऊ दिवस निघतील का?

टायरवाल्यालाही घेऊन गाडीत बसलो, गेलो. काळी पिशवी, वर धुळीचा थर, आत टायर उभा. टायरवाल्याने वाकवून पाहिला, ठोकळ्यांत नखं रोवली, एका बाजूने झिजलेला म्हणून किंचित कुरकुर केली आणि म्हणाला, पळेल नऊ दिवस. लेक विहीणबाईंच्या गळ्यात पडली.

मी विचारलं, एवढा छान कसा ठेवलात? सांगते, जड गेलं विचारायला.

विहीणबाई ओशाळल्या. कानाजवळ येऊन म्हणाल्या, "काही नाही हो केलं. ठेवला आणि विसरले. कोणाला सांगू नका."

मी म्हटलं, नाही सांगणार. आणि मग, का कोण जाणे, त्यांना मी कपाटाचं सांगितलं. आम्ही दोघी गॅरेजच्या कोपऱ्यात तोंडावर पदर, रुमाल जे हाताला लागेल ते धरून इतक्या हसलो की लेक विचारायला आली, काय झालं. विहीणबाई म्हणाल्या, टेबल मऊ होतं. तिला काही कळलं नाही.

संध्याकाळपर्यंत दुकानात दोन्ही टायर चढले. उतरवलेले शहरातले साधे टायर पायरीवर उरले. ते ठेवायला कोणाकडे द्यायचे, या प्रश्नाला आम्ही दोघीही तोंड फुटू देत नव्हतो. लेकीने आमच्याकडे पाहिलं. मागचा विहीणबाईंच्या गाडीत ठेवला. पुढचा धुऊन, पुसून, काळ्या पिशवीत बांधून माझ्या हातात दिला. पुढचे तू चांगले सांभाळतेस, म्हणाली. मी सूचना विचारल्या, यावेळी वाचीन असं कबूल केलं.

ती म्हणाली, "आई, एकच कर. काही करू नकोस."

मंगळवार, २७ जानेवारी

टायर मागच्या बेडरूममध्ये कपाटामागे. उभा. पिशवी बंद. मी दोन दिवस काहीही केलेलं नाही. त्याची तयारी म्हणून पुन्हा पुन्हा जाऊन बघते आहे.

पण मुद्दा अस्पष्ट आहे. ‘काही’ म्हणजे काय? काल पिशवीवरची धूळ पुसली, ते त्यात धरायचं का? महिन्यातून एकदा थोडा फिरवायचा, हे टायरवाल्याने स्वतः सांगितलं आहे. मग ते ‘काही’ आहे की नाही? पिशवी न उघडता नुसतं नाक लावून वास बघणं? ह्यांना विचारलं. म्हणाले, झोप. दुपारचे चार वाजले होते.

शेवटी लेकीला रीतसर पत्र टाकलं, प्रत विहीणबाईंना. शेवटचा परिच्छेद इथे उतरवून ठेवते:

"सबब, ‘काही करू नकोस’ या तुझ्या तोंडी सूचनेत नेमक्या कोणत्या गोष्टी करायच्या नाहीत, त्याची क्रमवार यादी मला शुक्रवार, ३० जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत लेखी मिळावी. फोन चालणार नाही. लॅमिनेशन केलंस तरी हरकत नाही. मुदतीत उत्तर न आल्यास, काय करायचं नाही ते मी माझ्या अनुभवाने ठरवीन."